वॉटरगेट : तो प्रश्न नेमका कोणी विचारला?



कुठलाही घोटाळा बाहेर आला की बातम्यांमध्ये त्याच्या नावाला 'गेट' चिकटवतात. २०१२ मध्ये कोळसा खाणींच्या वाटपाचं प्रकरण गाजलं तेव्हा चॅनेलवाले त्याला 'कोलगेट' म्हणायला लागले आणि अर्ध्या देशाला टूथपेस्ट आठवली! हे 'गेट' आलं अमेरिकेतल्या वॉटरगेट नावाच्या इमारतीवरून. ही गोष्ट बहुतेक वेळा वुडवर्ड आणि बर्नस्टीन या दोन पत्रकारांची म्हणून सांगितली जाते. त्यांचं काम मोठं आहेच. पण आज मला बोलायचंय ते सिनेटच्या चौकशी समितीबद्दल, आणि तिथे एका शुक्रवारी विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाबद्दल.

आधी थोडक्यात काय झालं ते सांगतो. १७ जून १९७२ची रात्र. वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाचं ऑफिस होतं. फ्रँक विल्स नावाच्या २४ वर्षांच्या सिक्युरिटी गार्डला दिसलं की एका दाराच्या कुलपाला चिकटपट्टी लावलीय, म्हणजे दार बंद झालं तरी लॉक लागू नये. त्याने ती काढून टाकली. थोड्या वेळाने बघतो तर परत पट्टी! त्याने पोलिसांना फोन केला आणि आतमध्ये पाच जण पकडले गेले. त्यातला एक होता जेम्स मकॉर्ड, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या निवडणूक समितीचा सुरक्षा प्रमुख.

व्हाईट हाऊसच्या प्रवक्त्याने हे प्रकरण 'तिसऱ्या दर्जाची घरफोडी' म्हणून उडवून लावलं. आतमध्ये मात्र धावपळ चालू होती. पकडलेल्यांनी तोंड उघडू नये म्हणून त्यांना पैसे पुरवले जात होते. लोकांना यातलं काही कळलं नाही. नोव्हेंबरमध्ये निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकून परत निवडून आले. विषय संपला, असंच कोणालाही वाटलं असतं.

पण फेब्रुवारी १९७३ मध्ये सिनेटने चौकशी समिती नेमली. ठराव ७७ विरुद्ध शून्य मतांनी पास झाला. समितीत चार डेमोक्रॅट आणि तीन रिपब्लिकन. अध्यक्ष होते सॅम अर्विन, नॉर्थ कॅरोलायनाचे म्हातारे सिनेटर. आणि एक महत्त्वाची गोष्ट, दोन्ही बाजूंना आपापले वकील आणि तपास करणारा स्टाफ होता. म्हणजे निक्सन यांच्या पक्षाची माणसंसुद्धा साक्षीदारांना प्रश्न विचारत होती.

जूनमध्ये जॉन डीन साक्षीला आला. तो व्हाईट हाऊसचा माजी वकील. त्याने २४५ पानांचं निवेदन वाचून दाखवलं आणि सांगितलं की प्रकरण दाबण्यात खुद्द राष्ट्राध्यक्ष सामील आहेत. निक्सन यांचं म्हणणं अगदी उलट. आता खरं कोण आणि खोटं कोण, हे ठरवणार कसं? एका बाजूला एकटा वकील, दुसऱ्या बाजूला देशाचा राष्ट्राध्यक्ष. आपल्या भाषेत सांगायचं तर 'तो म्हणतो, हा म्हणतो'. बहुतेक चौकश्या इथेच अडकतात.

मग आला तो शुक्रवार, १३ जुलै १९७३. बंद खोलीत अलेक्झांडर बटरफिल्ड यांची प्राथमिक चौकशी चालू होती. हे निक्सन यांच्या ऑफिसचं रोजचं कामकाज सांभाळायचे. डेमोक्रॅट बाजूच्या तपासनीसाने त्यांच्यासमोर एक कागद ठेवला. त्यात निक्सन आणि डीन यांच्या बोलण्याचे बारीक बारीक तपशील होते. एवढे तपशील आले कुठून? बटरफिल्ड यांनी थेट उत्तर दिलं नाही.

मग रिपब्लिकन बाजूची पाळी आली. त्या बाजूचे वकील डोनाल्ड सँडर्स, आधी एफबीआयमध्ये होते. डीनने साक्षीत म्हटलं होतं की आपलं बोलणं रेकॉर्ड होतंय असा त्याला एकदा संशय आला होता. सँडर्स यांनी तेवढंच धरलं आणि सरळ विचारलं, त्या संशयात काही तथ्य आहे का? बटरफिल्ड म्हणाले, हे कोणी विचारू नये असंच मला वाटत होतं. आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसमध्ये रेकॉर्डिंगची यंत्रणा होती!

बघा हं, हा प्रश्न विचारला निक्सन यांच्याच पक्षासाठी काम करणाऱ्या माणसाने. सँडर्स यांचे वरिष्ठ फ्रेड थॉम्पसन यांनी ही बातमी गुपचूप व्हाईट हाऊसच्या वकिलाला कळवली. हे त्यांनी स्वतःच नंतर पुस्तकात लिहिलंय. म्हणजे पक्षाची ओढ होतीच. तरी सोमवारी, १६ जुलैला, टीव्हीवर सगळ्या देशासमोर बटरफिल्ड यांना तोच प्रश्न विचारला याच थॉम्पसन यांनी.

पुढे वर्षभर टेप्ससाठी भांडण चाललं. टेप्स मागणाऱ्या विशेष सरकारी वकिलाला निक्सन यांनी काढायला लावलं. एका टेपमधली साडेअठरा मिनिटं पुसलेली निघाली. शेवटी २४ जुलै १९७४ला सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध शून्य असा निकाल दिला, टेप्स द्या. त्या आठांपैकी तीन न्यायाधीश निक्सन यांनीच नेमलेले होते. टेपमध्ये काय होतं? घरफोडीनंतर सहाच दिवसांनी निक्सन एफबीआयचा तपास थांबवायला सीआयएचा वापर करायला मान्यता देत होते. आता लपवायला जागाच उरली नाही. ९ ऑगस्टला त्यांनी पद सोडलं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय भिडतं, सांगू? हेच सगळं फक्त विरोधकांनी काढलं असतं तर अर्धा देश म्हणाला असता, 'हे तर राजकारण आहे.' ठराव, प्रश्न, निकाल, प्रत्येक ठिकाणी निक्सन यांच्या बाजूची माणसं होती, म्हणून तसं म्हणायची सोय राहिली नाही.

आता आपले व्हॉट्सॲप ग्रुप आठवा. आपल्या आवडत्या नेत्याबद्दल कोणी साधा प्रश्न विचारला की लगेच, 'काय रे, तिकडे गेलास का?' आणि मग विचारणारा पुढच्या वेळी गप्प बसतो. प्रकरणं दाबणाऱ्यांना आपली हीच सवय उपयोगी पडते. त्यांना सगळ्यांना गप्प करावं लागत नाही. फक्त आपल्या बाजूच्यांनी गप्प बसलं की काम झालं.

तर या आठवड्यात एवढंच करून बघा. जो पक्ष, जो नेता तुम्हाला आवडतो, त्याच्याबद्दल एक सरळ प्रश्न ग्रुपवर टाका. भांडायला नको, टोमणा नको, फक्त प्रश्न. काय उत्तरं आली ते मला व्हॉइस नोट करून नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!