मूळव्याध समजून सोडलेले दुखणे

चंदीगडच्या बाराव्या सेक्टरमधील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेला सारे शहर 'पीजीआय' या अक्षरांनी ओळखते. १९६२ साली तत्कालीन पंजाब सरकारने ती स्थापन केली आणि १ एप्रिल १९६७ पासून संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा लाभला. पोटाच्या विकारांचे तज्ज्ञ डॉ. प्राणनाथ छुट्टानी हे तिच्या संस्थापकांपैकी एक. पंजाब, हरियाणा आणि हिमाचलातून रोगी तेथे येतात. पण पोटदुखी आणि शौचावाटे रक्त पडणे ही तक्रार अशी आहे, की रोगी मुळात घराबाहेर पडण्यासच विलंब लावतो.

याचे कारण लज्जा. ही गोष्ट घरच्यांपुढेही काढणे प्रशस्त वाटत नाही. मग 'मूळव्याध असेल' अशी स्वतःची समजूत घालून माणूस तिखट सोडतो, ताक पितो आणि महिने लोटतात. वास्तविक साध्या मूळव्याधीत रक्त पडले, तरी पोट सहसा दुखत नाही. गुदद्वाराला चीर पडली तर वेदना होते, पण ती शौचाच्या जागी. पोटातील कळ आणि रक्त ही जोडीने आली, म्हणजे कारण आतड्यात शोधावयास हवे.

आपल्याकडे प्रथम आठवतो तो आमांश. त्याचे दोन प्रकार. एक अमीबाचा, हा जीव १८७५ साली लॉश यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे पाहिला. दुसरा जिवाणूंचा, तो जिवाणू १८९७ साली जपानमध्ये शिगा यांनी शोधला. जिवाणूंचा आमांश बहुधा ताप घेऊन एकाएकी येतो, अमीबाचा सावकाश. दोन्ही दूषित अन्नपाण्यातून पसरतात.

तथापि प्रत्येक आव आमांशाचीच नसते. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर दीर्घकाळ सूज व व्रण राहण्याचा विकार एके काळी पाश्चात्त्यांचा मानला जाई. लुधियाना जिल्ह्यातील पाहणीत तो लाखात सुमारे ४४ जणांना आढळला; हा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. आतड्याचा क्षय आणि क्रोन यांच्या नावाचा विकार यांची लक्षणे तर इतकी सारखी, की भले भले चकतात. ही चूक महागात पडते. क्रोनच्या विकारात प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावी लागतात; तीच क्षयाच्या रोग्यास दिली, तर क्षय भडकतो. म्हणूनच आतड्यात दुर्बीण घालून पाहणे आणि तेथील कण तपासणे अगत्याचे ठरते.

वयाचाही विचार हवा. तान्हे मूल थांबून थांबून कळवळून रडत असेल आणि रक्तमिश्रित आव पडत असेल, तर आतडे आतड्यात शिरल्याची शंका घ्यावी; तेथे तासांचा हिशेब असतो. उतारवयात कर्करोग किंवा आतड्याचा रक्तपुरवठा खुंटणे ही कारणे नजरेआड करता येत नाहीत. डांबरासारखे काळे शौच बहुधा जठरातील अथवा त्याच्या लगतच्या व्रणाचे चिन्ह. वेदनाशामक गोळ्यांच्या अतिरेकानेही असे व्रण होतात. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळे होते, ते मात्र निराळे.

रक्त पुष्कळ जाणे, घेरी येणे, पोट कडक होणे किंवा तीव्र ताप असणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. एरवीही थोडेसे रक्त पुन्हा पुन्हा दिसले, तर वैद्याकडे जावे. शरीराने सांगितलेली गोष्ट वैद्याला सांगण्यात कसली आली आहे लाज? ती न सांगितल्याने मात्र अनेकदा बरा होण्याजोगा रोग हाताबाहेर गेला आहे.