पोटात पिशव्या किती?

कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी शेंगा फोडत. हातातलं काम चालू ठेवा. मी सांगेन तेव्हा फक्त एक हात मोकळा करा आणि आपल्याच अंगावर ठेवून बघा.

बचत गटाच्या कर्जमागणीत आपण कारण लिहितो. शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, पोराची फी. त्यातच अधूनमधून एक कारण येतं, 'पिशवीचं ऑपरेशन'. मी विचारते, "कुठली पिशवी?" बाया हसतात आणि म्हणतात, "पिशवी म्हंजे पिशवीच की, ताई!"

पण आपल्या पोटात एक पिशवी नाही. एक पित्ताची, एक लघवीची आणि एक गर्भाची, अशा तीन आहेत. अन्न साठवणारं जठर धरलं तर चार. प्रत्येकीची जागा वेगळी, काम वेगळं आणि दुखणंही वेगळं. आपण मात्र छातीखाली कुठंही कळ आली की 'पोटात दुखतंय' म्हणून मोकळ्या होतो. म्हणून आज शरीराच्या आत कोण कुठं राहतं आणि काय काम करतं, ते बघू.

शाळेत आपण पचनसंस्था, श्वसनसंस्था अशी नावं पाठ केली होती. संस्था म्हणजे अनेकांनी मिळून एक काम करणं. आपल्या गटात एक हिशोब लिहिते, एक बँकेत जाते, एक वसुली करते. शरीरातही तसंच आहे.

आता हात छातीवर ठेवा. बरगड्यांच्या पिंजऱ्यात दोन फुप्फुसं आहेत आणि त्यांच्या मधे, थोडंसं डावीकडं, हृदय आहे. आपण 'काळीज धडधडतंय' म्हणतो, पण खाटकाकडून जे काळीज आणतो ते यकृत असतं. धडधडतं ते हृदय. आकारानं आपल्या मुठीएवढं, पण दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं. फुप्फुसं हवेतला प्राणवायू रक्तात घेतात आणि हृदय ते रक्त डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत पोचवतं. अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, ते सारखं फिरत राहतं.

प्राणवायू वाहून नेतं ते रक्तातलं हिमोग्लोबिन. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 किंवा त्याहून जास्त हवं. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी असल्याचं दिसलं. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पळावं लागतं. मग चढावर दम लागतो, छातीत धडधडतं, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. आपण म्हणतो, 'वय झालं'. वय नाही, रक्त बघा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहामुळं लोह अंगी लागत नाही, लिंबामुळं जास्त लागतं.

आता हात बरगड्यांच्या खाली आणा. छाती आणि पोट यांच्या मधे स्नायूंचा एक पडदा आहे, त्याला श्वासपटल म्हणतात. त्याच्या खाली पोट सुरू होतं.

डाव्या बाजूला वर जठर आहे. चावलेली भाकरी अन्ननलिकेतून तिथं येते आणि काही तास घुसळली जाते. पुढं लहान आतडं. ते उलगडलं तर साधारण सहा मीटर भरेल, म्हणजे आपल्या नऊवारी लुगड्याहून कमी. अन्नाचा कस रक्तात जातो तो तिथंच. उरलेल्या चोथ्यातलं पाणी मोठं आतडं शोषून घेतं.

उजव्या बाजूला बरगड्यांच्या आड यकृत आहे. वजन साधारण दीड किलो. रक्तातली विषारी द्रव्यं निकामी करणं, साखर साठवणं आणि पित्त तयार करणं ही त्याची कामं. हे पित्त साठवायची छोटी पिशवी यकृताच्या खाली चिकटलेली असते. ही आपली पहिली पिशवी, पित्ताशय. हिच्यात खडे झाले तर तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जोराची कळ येते, कधी पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते.

पोटातली कळ खांद्यात कशी जाते? कारण दुखण्याचा निरोप मेंदूकडं नेते ती मज्जासंस्था. मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि अंगभर पसरलेल्या नसा. आतल्या अवयवांचे आणि बाहेरच्या अंगाचे निरोप पुष्कळदा एकाच वाटेनं जातात, त्यामुळं मेंदूला जागा नीट कळत नाही. हृदयाचंही तसंच. बाईला हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा छातीतल्या कळेसोबत किंवा नुसतंच जबड्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात दुखू शकतं. दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं. घरचे म्हणतात, 'ॲसिडिटी असेल, सोडा प्या.' अशा वेळी सोडा नको, 108 ला फोन करा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडं बोलायला लागली, तरीही 108च.

आता दोन्ही हात पाठीमागं, कमरेच्या वर, बरगड्या संपतात तिथं ठेवा. तिथं मुठीएवढी दोन मूत्रपिंडं आहेत, म्हणजे किडन्या. दिवसभरात दोघी मिळून साधारण 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं बहुतेक सगळं रक्तात परत घेतात आणि साधारण दीड लिटर लघवी वेगळी काढतात. ती नळ्यांतून खाली ओटीपोटात मूत्राशयात येते. ही दुसरी पिशवी, लघवीची.

बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर असते, पुरुषाची त्याहून कितीतरी लांब. म्हणून जंतू आपल्या मूत्राशयात लवकर पोचतात. त्यात आपण शेतात आडोसा नाही म्हणून पाणी पीत नाही आणि लघवी तुंबवून धरतो. मग जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, ओटीपोटात दुखतं. थंडी वाजून ताप आला आणि कमरेच्या वर दुखायला लागलं, तर जंतू किडनीपर्यंत गेले असू शकतात. अंगावर काढू नका. लघवीची तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

आता हात ओटीपोटावर, बेंबीच्या बराच खाली. मूत्राशयाच्या मागं गर्भाशय आहे. ही तिसरी पिशवी. गरोदर नसताना साधारण मुठीएवढी. दोन्ही बाजूंना बीजनलिका आणि त्यांच्या टोकाशी बदामाएवढी दोन अंडाशयं. खाली योनीत उघडतं ते गर्भाशयाचं तोंड.

लक्षात घ्या, लघवीची पिशवी आणि गर्भाची पिशवी एकमेकींना टेकून आहेत. ओटीपोटात दुखलं तर दोघींपैकी कुणाचंही असेल, आतड्याचंही असेल. हात ठेवून जागा कळते, कारण कळत नाही. त्याला तपासणी लागते.

'पोरं झाली, आता पिशवीचं काय काम?' असं आपणच म्हणतो. अंडाशयांचं काम बाळंतपणापुरतं नसतं. ती शरीरात हार्मोन सोडतात, त्यावर हाडांची ताकद, झोप आणि हृदयाची तब्येत अवलंबून असते. पाळी जायच्या वयाआधीच दोन्ही अंडाशयं काढली तर पाळी एकदम थांबते. अंगातून गरम वाफा येतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. नुसतं गर्भाशय काढलं आणि अंडाशयं ठेवली, तरी काहींना हे दिवस लवकर येतात.

हे किती मोठं दुखणं आहे ते बीड जिल्ह्यात दिसलं. 2019 मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82 हजारांहून अधिक ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. कोयता धरणाऱ्या बाईची हाडं लवकर ठिसूळ झाली तर तिनं मोळी कशी उचलायची?

आमच्याच एका गटात तिशीतल्या मैत्रिणीनं 40 हजारांचं कर्ज मागितलं. ओटीपोटात दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं. 'पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल' असं तिला सांगितलं गेलं होतं. गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "पैसे देऊ, पण आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखव." आशाताई तिच्यासोबत ग्रामीण रुग्णालयात गेल्या. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. तिला आणि नवऱ्यालाही औषधं दिली आणि दुखणं थांबलं. कर्ज तिनं घेतलंच, पण शेळ्यांसाठी.

दुसऱ्या एका गटात मात्र एकीच्या गर्भाशयात मोठ्या गाठी होत्या. औषधांनी रक्तस्राव थांबेना, अंगातलं रक्त फार उतरलं. तिचं ऑपरेशन गरजेचंच होतं, गटानं लगेच पैसे दिले. म्हणजे ऑपरेशन वाईट नाही. न विचारता केलेलं ऑपरेशन वाईट.

थोडं पांढरं जाणं हा आजार नाही. वास येत असेल, खाज असेल, दह्यासारखं किंवा हिरवट जात असेल तर औषधानं बरं होतं. पण शरीरसंबंधानंतर रक्त गेलं किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल जाऊ लागलं, तर लगेच दाखवा. तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या. काही मिनिटांचं काम आहे. कुठं होते ते आशाताईंना विचारा.

आता कुणी 'पिशवी काढा' म्हटलं, तर कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी पाच प्रश्न विचारायचे. कुठली पिशवी? तिला नेमकं काय झालंय आणि ते कुठल्या तपासणीत दिसलं? औषधानं बरं होईल का? अंडाशयं ठेवणार की काढणार? आठ दिवस थांबले तर चालेल का? जिवावरचा प्रसंग नसेल तर त्या आठ दिवसांत दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. आपले रिपोर्ट मागून घेणं आणि दुसरा सल्ला घेणं हा आपला हक्क आहे. डॉक्टर रागावतील म्हणून घाबरू नका. चांगले डॉक्टर नीट सांगतात.

पुढच्या बैठकीला एक काम करा. खडूनं जमिनीवर बाईची आकृती काढा आणि प्रत्येकीनं एकेक अवयव जागेवर मांडायचा. फुप्फुसाला दोन पानं, किडनीला दोन घेवड्याच्या बिया, जे हाताशी असेल ते. चुकलं तर हसा, पुन्हा मांडा. सुना-लेकींनाही बसवा. आणि कर्जाच्या अर्जात यापुढं नुसतं 'पिशवी' लिहू नका, कुठली ते लिहा.

तब्येतीला जपा.