जाऊ


आजचा आपला शब्द आहे, जाऊ.

निरनिराळ्या गावांहून, निरनिराळ्या कुळांतून आलेल्या,
आणि एकाच घरातील भावांशी विवाह झाल्यामुळे
एका उंबरठ्याच्या आत नांदू लागलेल्या स्त्रिया,
ज्या नात्याने परस्परांशी बांधल्या जातात,
त्या नात्याचे हे नाव.

संस्कृतातील 'यातृ', तीच आपली जाऊ.

आरंभीच्या 'य'चा 'ज' होणे, ही प्राकृताची जुनी वहिवाट.
'युग', म्हणजे जोखड, त्याचे झाले जू.
'यंत्र' या शब्दाचे झाले जाते.
आणि 'यातृ'ची झाली जाऊ.

पहाटे एकाच खुंट्याला हात घालून दळणाऱ्या दोन जावा,
आणि त्यांच्यामधले ते जाते,
हे दोन्ही शब्द एकाच वाटेने मराठीत यावेत,
याचे मला फार अप्रूप वाटते.

अमरकोश सांगतो, की भावांच्या भार्या परस्परांच्या 'यातृ' होत.
परस्परांच्या, हे ध्यानात घ्यावे.
सासूला सून असते. नणंदेला भावजय असते.
जावेला मात्र जाऊच असते;
मग ती थोरली असो वा धाकटी,
आणि घरचा कारभार, कोठीच्या किल्ल्या,
कोणाच्याही हाती असोत.

प्राचीन ग्रीक आणि लॅटिन भाषांतही
या नात्याला 'यातृ'शी सगोत्र असे शब्द होते;
इतके हे नाव पुरातन आहे.

तेव्हा श्रोतेहो, 'यातृ'वरून जाऊ.
हिंदीने धाकट्या आणि थोरल्या दिराच्या पत्नीस
देवरानी आणि जेठानी अशी वेगळी नावे दिली;
मराठीत दोघीही जावाच.