हनुवटीची जखम आणि कानापुढचा सांधा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेंत, शाहू महाराजांनीं बांधविलेल्या खासबाग मैदानाच्या आसपास, कुस्तीची आणि फुटबॉलची गोडी मुलांना लहानपणींच लागते. पडणें-झडणें ओघानें आलेंच. हनुवटी फुटते, टांके पडतात आणि घरचीं माणसें निश्चिंत होतात. फसगत होते ती येथेंच. हनुवटीवरचा आघात जबड्याच्या हाडांतून वर चढतो आणि कानापुढील सांध्यांत बसणारें त्याचें टोंक मोडतें. वरून मात्र कांहींच दिसत नाहीं. तोंड पुरें उघडेना, उघडतांना हनुवटी एका बाजूस वळूं लागली, किंवा दांत पूर्वीसारखे जुळेनात, तर क्ष-किरणांनीं, लागल्यास सी. टी. स्कॅननें, सांधा पाहिलाच पाहिजे.

मोठ्या माणसाप्रमाणें येथें धातूच्या पट्ट्या बसविण्याची घाई सहसा करीत नाहींत. मुलाच्या जबड्यांत पक्क्या दांतांचे अंकुर दडलेले असतात. स्क्रू त्यांतून गेला तर दांतच बिघडतो. शिवाय मुलाचें हाड दोन-तीन आठवड्यांत सांधूं लागतें. म्हणून पातळ अन्न, वेदनाशामक औषध, आणि लागलेंच तर थोडे दिवस जबडा बांधून ठेवणें, एवढ्यावर बहुधा भागतें. पुढें रोज तोंड उघडण्याचा व्यायाम. रडणाऱ्या मुलाकडून तो करवून घेणें औषध पाजण्याहून कितीतरी कठीण! पण तो टळला तर, विशेषतः पांच वर्षांखालील मुलांत, सांधा हाडानें जखडण्याचा धोका असतो. मग घांस जाईनासा होतो, आणि जबड्याची वाढ खुंटून चेहरा वांकडा होतो. टांके निघाल्यावरही वाढ पुरी होईपर्यंत मुलाला अधूनमधून डॉक्टरांस दाखवीत राहावें लागतें, तें याचसाठीं.