सुरतेतली शेळी



केरा आणि कोयना जिथं भेटतात त्या पाटणमध्ये, म्हणजे सावित्रीबाई फुल्यांच्या जिल्ह्यात, मुलांसाठी लिहिणाऱ्यांचा हा मेळा भरलाय.  मला एक तक्रार मांडायची आहे.

आपल्या बालचरित्रांना मरण फार आवडतं.

आनंदीबाई जोशींचं कुठलंही छोटं पुस्तक उघडा. कल्याण, बोट, फिलाडेल्फिया, 1886ची पदवी, आणि मग शेवटच्या दोन पानांत क्षय. 26 फेब्रुवारी 1887ला त्या पुण्यात वारल्या तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. हे सगळं खरं, आणि सांगायलाच हवं. पण त्यांच्याहून चार महिन्यांनी थोरल्या असलेल्या डॉ. रखमाबाई 1955पर्यंत जगल्या, त्यांचं काय? नव्वद वर्षांचं आयुष्य आपल्याला बालचरित्राला गैरसोयीचं वाटतं की काय, कोण जाणे.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. आईचं दुसरं लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झालेलं. त्या घरातच त्या राहिल्या, वाचत राहिल्या. नवरा दादाजी भिकाजी यांनी 1884 साली त्यांना नांदायला आणण्यासाठी दावा लावला. 1885ला न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. अपील झालं, आणि 1887ला न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. ‘केसरी’ त्यांच्या विरुद्ध होता, हेही मुलांना सांगावं. थोर माणसं एकमेकांच्या विरुद्ध उभी राहतात हे कळायला दहावं वर्ष लवकरचं नाही. 1888ला दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. मग लंडन, डॉक्टरी, आणि 1895ला सुरतेचं बायकांचं इस्पितळ.

गंमत इथून पुढे आहे, आणि नेमकं इथंच आपलं पुस्तक संपतं. सुरतेत बायका बाळंतपणाला इस्पितळात यायला घाबरत. असं सांगतात, की रखमाबाईंनी आवारात एका गाभण शेळीचं बाळंतपण केलं. शेळी सुखरूप सुटली, तेव्हा कुठं बायकांची भीड चेपली. या डोंगरी तालुक्यातल्या पोराला ही गोष्ट सांगून बघा; शेळी कशी अडते हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा नीट माहीत असतं. त्यानंतरची वीसहून अधिक वर्षं सुरतेत, मग राजकोटला. रोज उठायचं, रोगी तपासायचे, दाया शिकवायच्या, हिशेब लिहायचे. ही वर्षं मुलांसाठी कोण लिहिणार?

आणखी एक. 1904 साली दादाजी वारले, तेव्हा ज्याच्याकडे जायचं नाकारलं त्याच्या मागं रखमाबाई विधवेच्या पांढऱ्या साडीत राहू लागल्या. का, ते मी सांगू शकत नाही. मुलांना तरी विचार करू द्या. आपण असली पानं गाळतो, कारण ती आपल्या पुतळ्यात बसत नाहीत. आनंदीबाईंच्या गोपाळरावांचंही तसंच केलं आपण. बायकोला शिकवणारा उदार नवरा एवढाच ठेवला. आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या पत्रात लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण आहे, ती काढून टाकली. गोपाळराव नसते तर आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या, हेही खरंच. दोन्ही एका पानावर लिहिता येतं.

‘मुलांना बालविवाह कसा समजावायचा?’ असं प्रकाशक विचारतात. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभरातल्या सुमारे बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. समजवायचं कुणी कुणाला, हाच प्रश्न आहे.

सावित्रीबाईंच्या चरित्रात शेण आणि प्लेग ही दोन प्रकरणं ठरलेली. 1856च्या ऑक्टोबरमध्ये आजारपणात त्या नायगावला माहेरी होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात भावाशी झालेला वाद त्यांनी सांगितलाय. भाऊ म्हणतो, तुम्ही नवरा-बायको जातीची रीत सोडून वागता. बहीण आजारी आहे, त्याच्याच घरी राहतेय, आणि तरी गप्प बसत नाही. घरोघरी भाऊ-बहीण असतात. हे प्रकरण चित्रांसकट सोळा पानांचं होईल.

आनंदीबाईंची नेमणूक कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात झाली होती. रुजू होणं त्यांच्या नशिबी नव्हतं. पुढे त्याच इस्पितळात डॉ. कृष्णाबाई केळवकर, शाहू महाराजांच्या आश्रयानं शिकून, काम करत राहिल्या. आपल्या शाळांच्या कपाटांत त्यांचं पुस्तक मला दिसलं नाही. कोल्हापूर इथून काही लांब नाही; कुणीतरी या वर्षी मनावर घ्या.

आणि शिक्षकांना एक काम. वाड्या-वस्त्यांवर म्हाताऱ्या सुईणी असतील, निवृत्त नर्स असतील, आशाताई तर आहेतच. पोरांना त्यांच्याकडे पाठवा. पहिलं बाळंतपण कुणाचं केलं, पावसाळ्यात बाई खाली कशी आणली, पगार किती होता आणि तो वेळेवर यायचा का, कुणाशी भांडण झालं, हे विचारायला सांगा. आलेलं लिखाण सुधारू नका, शुद्धलेखन तेवढं बघा. शेवटी ‘सावित्रीची लेक’ म्हणून ओवाळायची घाई कुणी केली, तर ते वाक्य मात्र बिनदिक्कत खोडा.