तारेवरचे विमान

श्रोतेहो, जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभे राहून ज्यांनी एकदा तरी गोफण फिरवली असेल, त्यांना आजचा विषय निम्मा आधीच ठाऊक आहे. गोफणीतला दगड हाताला बाहेर ओढतो. ती ओढ आहे तोवर दगड आपल्या ताब्यात. 'कंट्रोल लाइन' विमानाचेही तसेच आहे.

हे खेळातले विमान उडवणाऱ्याभोवती गोल फिरते. त्याच्या डाव्या पंखाच्या टोकातून दोन बारीक पोलादी तारा निघतात आणि आपल्या हातातल्या मुठीला येऊन मिळतात. विमानाच्या पोटात एक त्रिकोणी तरफ असते. मूठ वर कलवली की एक तार ओढली जाते, तरफ फिरते आणि शेपटीची आडवी पट्टी उचलली जाते. विमान वर चढते. मूठ खाली कलवली की ते खाली येते. अमेरिकेत जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास ही रीत लोकप्रिय केली.

पूर्वी या विमानांना लहानसे इंजिन असे. त्याचा कर्कश आवाज आणि कपड्यांवर एरंडेलाचे डाग! आता विजेची मोटर आणि लिथियमची बॅटरी आली. इंधन जळत नाही, म्हणून उड्डाणभर वजन तेवढेच राहते. ठरलेल्या वेळी मोटर बंद करणारे छोटे घड्याळही आत बसवता येते.

मी गणिताचा मास्तर, तेव्हा थोडा हिशेब सांगितल्यावाचून राहवत नाही. आमचे विमान ५०० ग्रॅमचे, तारा १२ मीटरच्या. एक फेरी साडेचार सेकंदांत झाली, तर वेग ताशी ६० किलोमीटर आणि हातावर ओढ सुमारे सव्वा किलोची. तीच फेरी सहा सेकंदांवर गेली, की ओढ जवळजवळ निम्मी! वेग थोडा उतरला, तरी तारा ढिल्या पडू लागतात. म्हणून बांधतानाच बाहेरच्या पंखाच्या टोकाला थोडे शिसे घालतात आणि सुकाणू किंचित बाहेर वळवतात. तारा ताणलेल्या राहाव्यात, एवढाच हेतू.

हे सारे मला पाठ होते, बरं का! तरी पहिल्या दिवशी काय झाले ते ऐका. मी आणि माझा मुलगा, दोघांनी महिनाभर रात्री जागून बाल्साच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. मैदानावर मूठ माझ्या हाती. तीन फेऱ्या झकास झाल्या. चौथ्या फेरीत, वारा जिकडून येत होता त्या बाजूला विमान गेले आणि वाऱ्याने ते माझ्याकडेच ढकलले. तारा सैल! मी घाबरून मूठ वर ओढली, पुन्हा ओढली. पण सैल तारेतून हुकूम पोचणार कसा? विमान नाकावर आपटले.

मुलगा तुकडे गोळा करीत होता. मान वर न करता म्हणाला, "बाबा, तुम्ही मागे का नाही सरलात?"

दोन पावले मागे. एवढाच त्यावर उपाय होता. वर्गात ताणाचे सूत्र शेकडो वेळा फळ्यावर लिहिणाऱ्याला तो सुचला नाही!

पंख दुरुस्त झाला, तेव्हा मूठ मी मुलाच्या हाती दिली. या वेळी वारा विमानाच्या पाठीशी घेऊन सोडले, म्हणजे वेग येतो न येतो तोच ते वाऱ्याखालच्या बाजूला पोचते आणि वारा त्याला बाहेर ढकलतो. पुढे एकदा तारा ढिल्या झाल्या. पोरगा झटकन मागे सरला आणि विमान पुन्हा त्याच्या हातात आले. चार मिनिटांनी मोटर थांबली आणि ते गवतावर अलगद टेकले.

कुणाला हौस वाटली तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. विजेच्या तारांजवळ हे विमान कदापि उडवू नका; आपल्या तारा पोलादी आहेत. बॅटरी अगदी शेवटी जोडा आणि पंख्यापासून बोटे दूर ठेवा, कारण ही मोटर सूचना न देता फिरते. बॅटरी चार्ज होत असताना तिला एकटी सोडू नका. आणि मुठीचा पट्टा मनगटात अडकवायला विसरू नका.

बाकी, ओढ सुटते आहे असे वाटले, तर हात झटकू नका. दोन पावले मागे सरा.