कापसाचा तिसरा भाव



शेतात सीतादही झाली, पहिला वेचा घरी आला, की आमच्या दिग्रसकडे जो तो विचारतो, ‘का भाव हाय जी?’ प्रश्न एवढासा, पण उत्तरे तीन. एक सरकारचा हमीभाव, दुसरा बाजारातला आणि तिसरा शेतकऱ्याच्या हातात खरोखर पडतो तो. या तिसऱ्या भावाविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवत असेल. राज्यातला कापूस सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा, असा कायदा होता. जिनाच्या आवारापुढे बंड्यांची रांग लागे, माणसे रात्र रात्र तिथेच काढीत आणि ग्रेडरची वाट पाहत. चुकारा मिळे तोही हप्त्याहप्त्याने. योजनेला शिव्या देणारे पुष्कळ होते, आणि त्यांचे सगळेच खोटे नव्हते. बाहेर भाव चढला, की आपला कापूस आडवाटेने सीमेपलीकडे जाई. बाहेर पडला, की पलीकडचा इकडे येई आणि तोटा तिजोरीला बसे. या शतकाच्या आरंभी खाजगी व्यापाऱ्यांना मोकळीक मिळाली आणि एकाधिकार संपला.

हमीभाव मात्र राहिला. तो केंद्र सरकार ठरवते, आणि बाजार त्याच्या खाली गेला, की कापूस निगमाने, म्हणजे आपल्या ‘सीसीआय’ने, खरेदीला उतरायचे. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,५२१ रुपये भाव होता. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाने वडिलांचा हिशेब मला दाखवला. वीस क्विंटल कापूस त्यांनी गावातच, खेडा खरेदीत, ६,९०० ने दिला. क्विंटलमागे ६२१ रुपये गेले. एकूण १२,४२० रुपये. मुलाच्या वर्षभराच्या खोलीभाड्याएवढे!

मी मास्तरकीच्या सवयीने म्हणालो, “थांबायला हवं होतं.” मुलगा म्हणाला, “सर, वेचणाऱ्या बाया शनिवारी मजुरी मागतात. हरभऱ्याचं बी आणाचं होतं. थांबाचं कशाच्या भरोशावर?”

मला उत्तर सुचले नाही. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला हे कबूल करणे जड जाते. बरे, केंद्रावर नेला असता तरी पहिल्या वेच्याच्या कापसात दवाचा ओलावा असतोच. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. गाडीभाडे आपल्याच अंगावर.

२०२३ च्या खरिपाला भाव पडले होते. त्यासाठी राज्य शासनाने कापूस व सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, दिले. २०२४ च्या सप्टेंबरअखेर ते खात्यात पडू लागले. मदत चांगली होती. पण नीट पाहा : हे पैसे कापसाला मिळाले नाहीत, जमिनीला मिळाले. हेक्टरी वीस क्विंटल काढणाऱ्याला जेवढे, तेवढेच बोंडअळीने पाच क्विंटलवर आणलेल्याला. आणि ज्याने दुसऱ्याचे वावर ठोक्याने केले, बी-खत घातले, त्याच्या नावाचा सातबारा नाही, म्हणून त्याच्या वाट्याला बहुधा काहीच नाही. त्यानंतर २०२५ मध्ये हमीभाव ८,११० झाला. त्याच ऑगस्टमध्ये परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले गेले. एका हाताने चढवायचे आणि दुसऱ्याने बाजाराला खाली ओढायचे, असा हा कारभार मला तरी दिसतो.

शिक्षकबंधूंनो, एक काम आपल्याकडे. ई-पीक पाहणीची नोंद नसली, तर पुढे अशी मदत मिळताना अडते. गावातल्या पुष्कळांच्या हाती तसा फोन नाही, असला तर चालवणारे पोर शाळेतच असते. खरिपात एखादा दिवस त्या पोरांना वावरात घेऊन जा आणि नोंदी करून घ्या. आणि ठोक्याने करणाऱ्यांची एक वेगळी यादी वहीत लिहून ठेवा. ती यादी आज कोणी मागत नाही, तरी ठेवा.